तुमच्याकडे किती आलं होतं?

बडोद्यात हल्ली दोन ओळखीची माणसं भेटली की तब्येतीच्या आधी हा प्रश्न येतो. काय आलं होतं ते सांगावं लागत नाही, पुराचं पाणीच. उत्तरही ठरलेलं, फुटात नाहीतर अंगाच्या मापात. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेएवढं. फतेगंजला राहणारा माझा एक शाळूसोबती तर बोलतसुद्धा नाही. नुसता हात आडवा करून छातीला लावतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो.

मला हा प्रश्न विचारण्याचे पैसे मिळतात. मी विमा सर्व्हेअर आहे, सत्तावीस वर्षं झाली. आग लागली, गोदामात पाणी शिरलं, ट्रक उलटला की कंपनी मला पाठवते. मी जातो, मोजतो, फोटो काढतो, बिलं मागतो, अहवाल लिहितो. ज्याचं नुकसान झालंय त्याला वाटतं हा कंपनीचा माणूस, कंपनीला वाटतं हा त्याला सामील. दोघांनाही एकाच वेळी तसं वाटलं की समजायचं, अहवाल बरा उतरलाय.

पुराच्या कामात सगळ्यात आधी भिंत बघायची. माणूस काय सांगतो ते नंतर. पुराची रेघ लेव्हलमध्ये असते. चारही भिंतींवर, कपाटाच्या दारावर, फ्रिजवर, अगदी एका उंचीला. नीट पाहिलं तर दोन रेघा दिसतात. वरची पुसट, पाणी जिथवर चढलं ती. खालची काळपट, पाणी जिथे मुक्काम ठोकून बसलं ती. त्याच्याही वर फूटभर वाकडीतिकडी ओल चढलेली असते, कारण प्लास्टर पाणी शोषून घेतं. ती पुराची नव्हे. बरेच लोक ओलीच्या टोकापासून माप देतात. थोडे लबाडीने, बाकीचे भाबडेपणाने.

एकदा एका कापडवाल्याने मला वरच्या फळीवरचे तागेसुद्धा भिजलेले दाखवले. गाळ होता खरा, पण ओघळ उभे होते. पूर काही बादलीतून येत नाही. पुराचा गाळ ओघळत नाही, तो बसतो. फळीच्या, कडीच्या, बिजागरीच्या वरच्या अंगाला, चाळणीतून पीठ पडावं तसा. मी काही बोललो नाही. त्या फळीची वरची कड बोटाने पुसली आणि कोरडं बोट त्याच्यापुढे धरलं. त्याने चहा मागवला.

या रेघा मी एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवत आलोय. नावं नाहीत, दाव्यांच्या रकमा नाहीत. तारीख, गल्ली, जमिनीपासून उंची, एवढंच. सवय म्हणून सुरू केलं होतं. आज हा लेख लिहायला बसलोय तो त्या वहीमुळे, आणि त्याहून जास्त आमच्या शेजारच्या मासींमुळे (मासी म्हणजे गुजरातीत मावशी).

आमची सोसायटी समा भागात, १९८४ सालची, ४२ टेनामेंटची. (गुजरातबाहेरच्या वाचकांसाठी: टेनामेंट म्हणजे चाळ नव्हे. भिंतीला भिंत लागून असलेलं बैठं घर, पुढे ओटा, मागे वाडा, वर गच्ची.) २००५ च्या जुलैत विश्वामित्री नदी घरात आली तेव्हा आमच्याकडे २२ इंच चढलं होतं. आईची ट्रंक तरंगत स्वयंपाकघरापर्यंत गेली, आत तिचा शालू. पुढच्या वर्षी मी कर्ज काढलं, फरशी उखडली आणि ३० इंच भरणी केली. २२ आलं होतं, ८ इंच हाताशी जास्त. सर्व्हेअर माणूस, हिशोब पक्का. छत मात्र होतं तिथेच राहिलं. लिंटेल तोडून चौकटी वर घेतल्या, तरी पावणेसहा फुटांवर थांबावं लागलं. जावई येतात ते वाकून आत शिरतात. त्यांना आमच्याबद्दल फार आदर आहे असा गल्लीत समज आहे.

३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत जवळजवळ २० इंच पाऊस पडला. वर्षभरात सरासरी ३५ ते ४० इंच पडतो त्या शहरात. पाणी आमच्या फरशीच्या ४ इंच खाली येऊन थांबलं. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो, कबूल करतो, थोड्या ऐटीत. मासींकडे भरणी नव्हती. त्यांच्याकडे २६ इंच.

मग २०२४ चा ऑगस्ट. जन्माष्टमीचा सोमवार, २६ तारीख. पाऊस तेव्हा जोरात होता, पण खरं पाणी आलं ते नंतर. बडोद्याबाहेरच्या लोकांना हे समजावून सांगणं अवघड जातं: इथे पाऊस थांबतो आणि पाणी चढत राहतं. नदी येते पावागढकडून. वर आजवा आणि प्रतापपुरा हे तलाव, ते भरले की सोडलेलं पाणी काही तासांनी शहरात पोचतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ साली, आजव्याचं पाणी शहराला मिळू लागलं ते पंपाशिवाय, नुसत्या उताराने. तेव्हाच्या इंजिनिअरिंगचं कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकलंय. त्याच उताराने पूरही खाली येतो, त्याला पंप लागत नाही, हे मात्र कौतुकात कुणी सांगत नसे. म्हणून पावसाळ्यात इथला माणूस झोपेतून उठला की आधी विचारतो, "आजवा किती?" त्या पुरात काळ्या घोड्याच्या पुलाशी, शहरात नदीची उंची जिथे मोजतात तिथे, नदी ३५ फुटांच्या वर गेली.

मी, बायको आणि मासी दोन रात्री आमच्या गच्चीवरच्या खोलीत होतो. दिवे नाहीत, मोबाईल मेलेला, एक मेणबत्ती. मगर दिसली का, असं पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात. दिसली. ती आमच्यापेक्षा जास्त गोंधळलेली होती.

असं का व्हायला लागलं याचं शास्त्र फार क्लिष्ट नाही. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. धरलेलं कधीतरी सोडते, आणि सोडते तेव्हा हात आखडत नाही. त्या आठवड्यात पावसाची जी प्रणाली गुजरातवर बसली होती ती जमिनीवरून पुढे सरकून अरबी समुद्रात उतरली आणि ३० ऑगस्टला चक्रीवादळ झाली. 'असना' नाव. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार होण्याची ही १९७६ नंतरची पहिली वेळ. आपल्या वाडवडिलांचे पावसाचे ठोकताळे त्या नक्षत्रांसाठी होते. आत्ताच्या नक्षत्रांची खात्री नाही. माझ्या भरणीचा हिशोब तरी कुठल्या आधारावर होता? २००५ च्या.

पाणी उतरल्यावर टेप लावली. आमच्याकडे फरशीपासून १४ इंच. मासींकडे ४४. बेरीज बरोबर: १४ आणि ३० चव्वेचाळीस. पाण्याची पातळी दोन्ही घरांत एकच, फक्त जमीन वेगळी. मी टेप गुंडाळत होतो तेवढ्यात मासींनी विचारलं, "तमारे त्यां केटलुं आव्युं, भाई?"

मी म्हटलं, चौदा.

मासी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आता चौऱ्याहत्तरच्या. मुलाचं गणित चुकलं की ज्या आवाजात सांगत असतील त्याच आवाजात म्हणाल्या, "तमारुं घर ऊंचुं थयुं, तो अमारुं नीचुं थई गयुं ने." तुमचं घर उंच झालं, म्हणजे आमचं खाली गेलंच की.

मी लगेच धंद्यावर घसरलो. मासी, असं नसतं. एवढ्या मोठ्या पुरात माझ्या तीनशे चौरस फुटांच्या भरणीने तुमच्याकडे एक सूतसुद्धा पाणी वाढत नाही. हे खरंच होतं. शास्त्राला धरून होतं. मासींनी ऐकून घेतलं आणि मला ओट्यावरून खाली बोलावलं.

घर ३० इंच वर गेलं की गाडी आत न्यायला उतार लागतो. तो मी २००६ मध्ये बांधला होता, गटारावरून. खाली सहा इंची पाईप टाकला होता, पाणी जाईल म्हणून. मासींनी काठीने दाखवलं. पाईपचं तोंड कधीच बुजलं होतं, त्यात सिमेंटच्या गोणीचा तुकडा, प्लॅस्टिक आणि एक अख्खी चप्पल. म्हणजे गल्लीतलं पाणी माझ्या उतारापाशी अडतं आणि मासींच्या फाटकातून आत वळतं. पुरात नव्हे. साध्या दोन इंचांच्या पावसात. दर पावसाळ्यात चार-पाच वेळा. त्यांच्या स्वयंपाकघरात सिलिंडर लोखंडी घडवंचीवर, फ्रिज विटांवर, पिठाचा डबा ओट्यावर. मी ते वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. मला वाटायचं, एकट्या बाईची शिस्त.

"बोलला का नाहीत, मासी?"

"शुं बोलुं? तमे तो जाणकार."

अठरा वर्षं. आणि मी या कामात लायसन्स घेतलेला माणूस.

त्या संध्याकाळी मी टेप घेऊन सोसायटीत फिरलो. ४२ घरांपैकी ३१ घरांनी भरणी केलेली. ३१ उतार, सगळे गटारावर. उरलेली ११ घरं कुणाची, हे सांगायला सर्व्हेअर लागत नाही. पेन्शनवर जगणारे, भाडेकरू, एक विधवा, एक रिक्षावाला.

वातावरण बदलतंय तर लोकांनी जुळवून घ्यायला हवं, असं जो तो म्हणतो. माझं म्हणणं, लोक जुळवून घेतच आहेत. मीही घेतलं. प्रत्येकाने आपापलं घेतलं, आणि एकाने घेतलेल्याचा भार शेजाऱ्यावर पडला. उन्हाळ्यात एसीचं तेच. आत गार, बाहेरच्या डब्यातून गरम हवा गल्लीत. आमच्या एसीचा डबा कोणाच्या खिडकीसमोर आहे ते कृपया विचारू नका. ते काम पुढच्या महिन्यात.

सप्टेंबरभर मी एका दिवसात सहा-सहा सर्व्हे केले. बहुतेक गाड्यांचे. (एक फुकटचा सल्ला: पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही किल्ली फिरवून बघू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते हे पुराने नाही, तुम्ही केलंत. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर हात हलवत परत.) ते सगळे सर्व्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. एक मात्र लक्षात आहे.

नदीजवळच्या वस्तीत एक मराठी मूर्तिकार. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मी पोचलो तेव्हा आठवडा राहिला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. आत एकही मूर्ती नाही. लाकडी पाट होते, रांगेत, आणि प्रत्येक पाटावर मातीचा एक ओला गोळा. काही गोळ्यांत सोनेरी रंग चमकत होता. एका गोळ्यातून तार बाहेर आली होती, सोंडेची.

"किती मूर्ती होत्या, काका?"

"पाट मोजा."

मी पाट मोजले. दोनशे सात. त्याने सगळं काम शाडूचं केलं होतं, शहाण्यासारखं. नदीत विरघळावी म्हणून घडवलेली मूर्ती नदीने घरी येऊन विरघळवली होती. पलीकडच्या शेडमधल्या प्लॅस्टरच्या मूर्ती उभ्या होत्या, रंग उडालेल्या, पण उभ्या. तो माणूस ब्रश घेऊन डोळे पुन्हा काढत बसला होता. त्याला हंगाम मिळाला.

मूर्तिकाराची पॉलिसी होती, कर्ज देताना बँकेने उतरवलेली. तीन लाखांची. माल होता सहा लाखांचा, गेला चार लाखांचा. इथे सरासरीचं कलम लागतं: जेवढ्या प्रमाणात कमी रकमेचा विमा, तेवढ्याच प्रमाणात भरपाई. सहाच्या जागी तीन, म्हणजे निम्मा. चारातले दोन मिळणार. हे मी हजार वेळा लोकांना समजावलंय, अगदी गोड आवाजात. त्याने ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे निम्मेच गणपती बुडाले, असं लिहायचं?"

मी तसंच लिहिलं. शब्द वेगळे.

घरांच्या बाबतीत परिस्थिती थोडी सुधारली आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी ठेवणं सगळ्या कंपन्यांना बंधनकारक झालं. पूर त्यात आहे, आणि हे सरासरीचं कलम तिथे लागत नाही. मासींना ती मी काढून दिली. आमच्या गल्लीत त्याआधी घराचा विमा होता तो फक्त कर्जवाल्यांकडे. टीव्हीची वाढीव वॉरंटी लोक न मागता घेतात. पण तरी सांगतो, माझाच धंदा असूनही: विम्यावर सगळं सोडून बसू नका. पॉलिसी वर्षाची असते. पुढच्या वर्षी कंपनी हप्ता वाढवू शकते, अटी घालू शकते. मासी घर उचलून कुठे नेणार?

माझ्या पोटावर पाय देणारा एक विमा मात्र मला मनापासून आवडला. अहमदाबादची सेवा, इलाबेन भट्टांनी १९७२ मध्ये उभी केलेली संघटना, तिने आपल्या कष्टकरी बायकांसाठी उन्हाचा विमा आणला. तापमान ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की पैसे थेट खात्यात. बिल नको, फोटो नको, सर्व्हेअर तर नकोच. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो जणींना ४०० रुपये मिळाले. चारशेत काय होतं, असं मला एका सोसायटीच्या खजिनदाराने विचारलं. एक दिवस भाजीची पाटी डोक्यावर न घेता घरी बसता येतं, हे होतं.

अहमदाबादकरांना आम्ही बडोदेकर एरवी फारसं मानत नाही, पण उन्हाच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकावं. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. हा आकडा कोणीतरी बसून मोजला, मृत्यूच्या नोंदी ताडून. मोजला म्हणून २०१३ मध्ये शहराने उन्हाळ्याचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. कोणत्या तापमानाला कोणता इशारा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठे वाटायचं. पुढे झोपडपट्टीत पत्र्यांना चुना मारणंही त्यात आलं. तोवर उन्हाने माणूस मेला की कागदावर हृदयविकार लिहिलं जायचं आणि विषय संपायचा.

तसंच पुराचं करता येईल असं मला वाटतं. नदीची उंची मोजणारी यंत्रणा आहे, आकडा दर तासाला मोबाईलवर येतो. नदी अमुक फुटांच्या वर गेली की काठच्या लारीवाल्यांच्या, मूर्तिकारांच्या, इस्त्रीवाल्यांच्या खात्यात त्याच रात्री ठरलेली रक्कम. पंचनामा नंतर सावकाश. पुरानंतरच्या पहिल्या चार दिवसांत हातात पैसे असले तर माणूस सावकाराकडे जात नाही, हे मी सत्तावीस वर्षं बघतोय. माझे सर्व्हे कमी होतील. होऊ देत, गुडघे दुखतात.

पण आकडा कळून उपयोग काय, तो आपल्या दारापर्यंत आणून लावता आला पाहिजे. मोबाईलवर येतं, काळा घोडा ३१ फूट. मासींना त्याचं काय? ३१ म्हणजे माझ्या फाटकाशी पाणी, की सिलिंडरपर्यंत? माझ्या वहीत याचं उत्तर आहे. गल्लीगणिक नाही, पण बरंच. आणि शहरातल्या प्रत्येक भिंतीवर होतं, दिवाळीपर्यंत. दिवाळीला सगळ्यांनी रंग दिला.

रंग देण्याबद्दल तक्रार नाही. घाण रेघ घरात कोण ठेवेल? पण आमच्याकडे रेघ पुसण्याची घाई घाणीमुळे नसते. नोव्हेंबरात एका दलालाबरोबर मी फ्लॅट बघायला गेलो, मुलीचा आग्रह, "बाबा, आता वरच्या मजल्यावर जा." पार्किंगचे खांब ताजे रंगवलेले, छातीपर्यंत चॉकलेटी, वर क्रीम. मी विचारलं, इथे किती आलं होतं? "इथे? इथे पाणी येतच नाही, साहेब." मी वॉचमनच्या खुर्चीमागची मीटरची पेटी उघडली. आत रंग द्यायचा राहून गेला होता.

अशी लपवाछपवी जुन्या काळात नसावी. आपलं हे शहर मुळात पुरामुळे सरकलेलं आहे, असं सांगतात. अंकोट्टक, म्हणजे आजचं अकोटा, नदीकाठी होतं. सुमारे इसवी सन ६०० मध्ये मोठा पूर आला आणि वस्ती पूर्वेला वडपद्रकाकडे, कोठीच्या टेकाडावर गेली. तिथून बडोदं. आज त्याच अकोट्यात नदी दिसते म्हणून फ्लॅटचा भाव जास्त आहे.

नदीचं म्हणाल तर २०२५ च्या पावसाळ्याआधी शहरातल्या पात्राचा गाळ उपसून ते रुंद-खोल करायचं मोठं काम झालं, शंभर दिवसांची मुदत घालून. मी ते बघायला रोज जात होतो, निवृत्त माणसं खोदकाम बघतात तसा, निवृत्त नसूनही. काम लागणारच होतं. पण पोकलेन काठाची झाडी खरवडत होते तेव्हा पोटात कालवलं. विश्वामित्रीला कोतरं आहेत, मातीच्या घळी, झाडांनी धरून ठेवलेल्या. पूर त्यांच्यात शिरतो, पसरतो, दम खातो. शहरातल्या नदीत चारशेहून जास्त मगरी आहेत, त्यांची बिळं आणि घरटी याच काठांत. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्येच सांगितलं होतं की नदीबरोबर तिची कोतरं आणि पाणथळ जागाही राखा, अतिक्रमणं काढा. नदीला नुसतं मोठं गटार समजून खोल केलं तर पाणी लवकर पुढे जाईल, खालच्या गावांकडे. वडसरच्या पुढे. माझ्या उताराचीच ती मोठी आवृत्ती.

आणि कांस. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस. जुन्या बडोदेकरांना ही नावं तोंडपाठ, पावसाचं पाणी नदीकडे नेणारे मोठे नाले. नव्या लोकांना ते दिसतच नाहीत, कारण बऱ्याच ठिकाणी ते स्लॅबखाली गेले, वर पार्किंग आलं. भूखी नाव का पडलं मला माहीत नाही, पण जागा खाऊन टाकली आपणच.

मी महापालिका नाही. माझ्या हातात एक उतार होता. या वर्षी मार्चमध्ये गवंडी बोलावला, ब्रेकर लावला. सहा इंची पाईप काढून दीड फुटी टाकला, वर लोखंडी जाळी, उचलता येईल अशी. साडेअकरा हजार रुपये आणि बायकोची चार दिवसांची बोलणी. जूनच्या पहिल्या सरीला मासी छत्री घेऊन फाटकात उभ्या होत्या, मी ओट्यावर बॅटरी घेऊन. पाणी जाळीखालून गेलं. पूर्ण नाही गेलं, कारण पुढच्या घराचा उतार आहे. मासींकडे या वेळी अंगणापर्यंत आलं, स्वयंपाकघरात नाही. त्यांनी फ्रिज विटांवरून उतरवलेला नाही. बरोबर आहे त्यांचं.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यात केली. सोसायटीच्या फाटकाच्या खांबावर ऑइलपेंटने तीन लाल पट्ट्या ओढल्या, वहीतून माप घेऊन, रस्त्याच्या पातळीपासून. २००५, २०१९, २०२४. प्रत्येकीपुढे त्या दिवशीचा काळ्या घोड्याचा आकडा लिहायचा होता, पण २००५ चा माझ्याकडे खात्रीचा नाही, म्हणून ती जागा मोकळी ठेवली. रंगाऱ्याने विचारलं, वर अजून जागा सोडू का? मी म्हटलं, सोड.

संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींचा फोन. आवाज मऊ, पण मुद्दा कडक: अकरा नंबरचं घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक रविवारी येतंय, फाटकावर हे काय? भाव पडला तर जबाबदार कोण? दोन दिवस पट्टीपुढे कोणीतरी कुंडी ठेवली, मग जाहिरातीचा बॅनर बांधला. बॅनर वॉचमनने काढला. त्याचं म्हणणं, त्याला पट्टी बघूनच कळतं की मोटर कधी वर न्यायची.

काल ग्रुपवर मेसेज आला: "गेटवरील लाल पट्टी तसेच गटारावरील उतार याबाबत सर्व सभासदांची मीटिंग रविवारी सकाळी १० वाजता. चहा-नाश्ता राहील." उतारांचा विषय मी घातलेला नाही. चौकशी केली तर कळलं, मासींनी सेक्रेटरींच्या घरी जाऊन तो लिहून घेतला, एकतीसही घरांचे नंबर देऊन. माझा नंबर पहिला आहे.

टेप आणि वही पिशवीत घालून ठेवली आहे.